पलंगामागची भिंत : वॉलपेपरच्या कामाच्या नोंदी

११ जानेवारी २०२५

सासूबाई दुपारी पलंगावर भिंतीला टेकून बसतात आणि उठतात तेव्हा त्यांच्या पातळाच्या पाठीला पांढरी भुकटी लागलेली असते. ही भुकटी जुन्या डिस्टेंपरची आहे. गेल्या बारा वर्षांत या भिंतीला दोनदा रंग दिला, परंतु दोन्ही वेळा रंगाऱ्याने वरवर पॉलिश पेपर फिरवून नवा थर चढवला आणि दोन पावसाळ्यांच्या आत भुकटी परत आली. आता या एका भिंतीला वॉलपेपर लावायचा आणि तो घरीच लावायचा, असे मुलीने व मी ठरवले आहे. माझी नोकरी एका कारखान्याच्या ड्रॉइंग विभागात झाली, त्यामुळे मोजमापाची भीती नाही. भिंतीची मात्र आहे, म्हणून ही नोंदवही.

कोथरूडमधील आमची इमारत १९८६ सालची. भिंतीची रुंदी ३.५० मीटर आणि उंची, जिथे ती सर्वांत जास्त भरते तिथे, २.८४ मीटर. रुंदी आणि उंची प्रत्येकी तीन ठिकाणी मोजली. छत डावीकडून उजवीकडे १४ मिलिमीटर उतरते आहे आणि ओळंबा सोडला असता डावा कोपरा वरपासून खालपर्यंत ९ मिलिमीटर कलला आहे. डोळ्यांना यातले काहीही जाणवत नाही. रेषांचा कागद लावला असता तर पहिल्या दिवशीच जाणवले असते. म्हणून उभ्या पट्ट्यांचे आणि चौकड्यांचे नमुने आजच बाद केले.

आणखी एक गोष्ट आजच लिहून ठेवते. या भिंतीच्या पलीकडे बाथरूम आहे, आणि उजवीकडे खाली, फरशीपासून दोन विती उंचीवर, रंग फुगला आहे.

१२ जानेवारी

भिंतीच्या तीन परीक्षा घेतल्या. पहिली तळहाताची : कोरडा हात जोरात फिरवला की तो पांढरा होतो. दुसरी ओल्या स्पंजची : वितभर जागा भिजवून दहा मिनिटांनी पत्र्याने (पुट्टीच्या रुंद पात्याने) खरवडली, तर डिस्टेंपर सायीसारखा निघून आला. तिसरी चिकटपट्टीची : ब्लेडने फुलीसारख्या चिरा पाडून त्यावर पट्टी घट्ट दाबली आणि झटक्यात ओढली, तेव्हा पट्टीबरोबर चौकोनी खपल्या आल्या.

या परीक्षांचा अर्थ असा, की आज कागद लावला तर तो डिस्टेंपरला उत्तम चिकटेल, पण डिस्टेंपरच भिंतीला धरून नाही. शिवाय खळ वाळताना आकसते आणि खालच्या थराला आपल्याकडे ओढते. त्यामुळे ज्या भिंतीवर रंग वर्षभर तग धरून राहिला असता, त्याच भिंतीवरून कागद आठवड्याभरात रंगासकट सोलून येऊ शकतो. वॉलपेपर टिकत नाही अशी तक्रार पुण्यात पुष्कळ ऐकू येते, पण पडलेल्या कागदाच्या पाठीवर रंगाचा थर चिकटला आहे का, हे कोणी उलटून पाहिल्याचे मी फारसे पाहिलेले नाही.

१८ जानेवारी

फुगलेल्या जागेवरचा पोपडा काढला. आत पांढरी, कापसासारखी तंतुमय पूड, म्हणजे लोणा. विटेत आणि सिमेंटमध्ये मुळातच थोडे क्षार असतात. पाणी ते विरघळवून पृष्ठभागापर्यंत आणते, पाणी उडून जाते आणि क्षारांचे स्फटिक गिलाव्याच्या छिद्रांत वाढून त्याला आतून ढकलतात. लोणा ओल्या फडक्याने पुसण्याची चूक मी पूर्वी केली आहे. तसे केले की तोच क्षार विरघळून पुन्हा आत जातो. आज कोरड्या ब्रशने तो झाडून कागदावर गोळा केला आणि घराबाहेर टाकला.

त्यानंतर स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियम फॉइलचा हातभर चौकोन ओल्या जागेवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने हवाबंद केल्या. दुसरा चौकोन वर, कोरड्या दिसणाऱ्या जागी लावला.

२० जानेवारी

दोन दिवसांनी फॉइल काढले. खालच्या चौकोनाची भिंतीकडची बाजू घामेजलेली, खोलीकडची कोरडी. खोलीच्या हवेतील दमटपणा असता तर थेंब बाहेरच्या बाजूला आले असते. पाणी भिंतीतूनच येते आहे. वरचा चौकोन दोन्ही बाजूंनी कोरडा निघाला.

ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारली आणि तिच्याशेजारी आजची तारीख लिहिली.

रंगारीकाकांना फोन केला. आमच्या इमारतीतली निम्मी घरे त्यांनीच रंगवली आहेत. ते म्हणाले, "ताई, त्याच्यावर वॉटरप्रूफचे दोन हात मारा, वर कागद लावा, कोणाला कळतंय?" कोणाला कळो न कळो, पाण्याला कळते. या बाजूने वाट बंद केली की ते वर चढेल किंवा शेजारच्या भिंतीतून बाहेर पडेल. काका मनाने चांगले आहेत आणि त्यांना काम लवकर उरकायचे असते. मला या वेळी तशी घाई नाही.

३१ जानेवारी

हे दहा दिवस शोधात गेले आणि माझ्या मते संपूर्ण कामातील हाच सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

बाथरूममधून भिंतीत पाणी जाण्याच्या तीन वाटा संभवतात : भिंतीत गाडलेला पाइप, खालची मोरी व तिचा निचरा, आणि टाइल्समधील सांधे. पैकी कोणती, हे ठरवल्याशिवाय प्लंबरला बोलावले तर तो पहिल्याप्रथम टाइल फोडतो. म्हणून आधी २० तारखेपासून त्या बाथरूममध्ये अंघोळ पूर्ण बंद केली. सगळे दुसरे बाथरूम वापरू लागले आणि सकाळी सात ते आठ या वेळेत घरात जो काही संवाद झाला तो येथे लिहिण्यासारखा नाही. पाण्याची चावी मात्र सुरूच ठेवली, म्हणजे पाइपातील दाब कायम राहिला. २७ तारखेला ओलीची कड पेन्सिलच्या रेघेपासून चार बोटे आत सरकली होती. पाइप फुटका असता तर अंघोळ बंद करून ओल हटली नसती. पहिली वाट निकालात निघाली.

२७ आणि २८ तारखेला भिंतींना थेंबही न लागू देता फरशीवर बादल्या ओतल्या. ओलीची कड जागची हलली नाही. मोरी निर्दोष ठरली. २९ तारखेला नळाच्या वरच्या टाइल्सवर शॉवरचे पाणी वीस मिनिटे सोडले, आणि आज संध्याकाळी ओल पुन्हा दोन बोटे बाहेर आली आहे. दोष सांध्यांचा. नखाने उकरल्यावर नळाच्या चकतीमागचे व्हाइट सिमेंट पिठासारखे गळाले आणि मागे करंगळी जाईल एवढी पोकळी दिसली. १९८६ पासून आम्ही रोज त्या पोकळीत थोडे थोडे पाणी घालत होतो.

२ फेब्रुवारी

सांधे खरवडून मोकळे केले, पंख्याने दोन दिवस वाळवले आणि इपॉक्सी ग्राउट भरले. याचे दोन घटक मिसळल्यावर ते फार वेळ हाताला वळत नाही, म्हणून मुलगी भरत गेली आणि मी मागून पुसत गेले. नळाची चकती काढून तिच्यामागे सिलिकॉनची सलग वळी दिली.

८ फेब्रुवारी

बोहरी आळीत जाऊन पत्रे, दोन ब्रश, सांधा दाबायचा लहान रोलर, कटरची पाती आणि पितळी ओळंबा घेतला. घरातला जुना ओळंबा कोणी तरी कुकरच्या शिट्टीच्या जागी वापरून पाहिला होता.

त्यानंतर वॉलपेपरचे दुकान. आपल्याकडे रोल साधारण ५३ सेंटिमीटर रुंद आणि १० मीटर लांब येतो, आणि दुकानदार तो "५७ स्क्वेअर फुटांचा" म्हणून विकतो. आमची भिंत १०७ स्क्वेअर फूट. दुकानदाराने कॅल्क्युलेटरवर भागाकार केला, १.८८ आकडा दाखवला आणि दोन रोल काढून ठेवले.

हा हिशेब चुकीचा आहे आणि तो का चुकतो हे कागदावर मांडले की लगेच दिसते. कागद भिंतीला चौरस फुटांनी लागत नाही, उभ्या पट्ट्यांनी लागतो. ३.५० मीटर भागिले ०.५३ मीटर म्हणजे ६.६, म्हणजेच ७ पट्टे. प्रत्येक पट्ट्याची उंची २.८४ मीटर, अधिक वरखाली छाटायला मिळून १० सेंटिमीटर, म्हणजे २.९४ मीटर. आम्ही निवडलेल्या नमुन्याची उभी पुनरावृत्ती ५३ सेंटिमीटरची आहे, म्हणून पट्टा ५३ च्या पटीतच कापावा लागतो : सहा पट, ३.१८ मीटर. एका रोलमधून असे तीनच पट्टे निघतात आणि ४६ सेंटिमीटर उरतात. सात पट्ट्यांना तीन रोल. नमुना नसलेला साधा कागद घेतला असता तरीही रोलमधून तीनच पट्टे निघाले असते, म्हणजे दोन रोलांत भिंत कोणत्याच हिशेबाने झाकली नसती आणि सातव्या पट्ट्यासाठी पुन्हा दुकानात यावे लागले असते. तेव्हा त्याच छपाईचा रोल शिल्लक नसता तर रंगाची छटा जुळली नसती. तिन्ही रोलांवरचा बॅच क्रमांक एकच असल्याची खात्री करूनच पैसे दिले.

कागद नॉन-वूव्हन, म्हणजे न विणलेल्या, दाबून बसवलेल्या तंतूंच्या पाठीचा घेतला. कागदी पाठीचा वॉलपेपर खळ लागली की रुंदीत फुगतो, त्यामुळे तो खळ लावून, दुमडून, ठरावीक मिनिटे मुरू द्यावा लागतो आणि प्रत्येक पट्टा तेवढाच वेळ मुरला नाही तर सांधे जुळत नाहीत. नॉन-वूव्हन कागद असा फुगत नाही. खळ थेट भिंतीला लावून कोरडा पट्टा तिच्यावर बसवता येतो. दोन नवशिक्या बायकांसाठी हे फार सोयीचे. लेबलावरील चिन्हेही तिथेच तपासून घेतली : समोरासमोर असलेले दोन बाण म्हणजे नमुना शेजारच्या पट्ट्यात सरळ जुळतो, बाण खालीवर असतील तर तो अर्ध्याने सरकतो, लाटांचे चिन्ह पुसता येण्याचे, सूर्याचे चिन्ह उजेडात रंग टिकण्याचे.

नमुना फिकट राखाडीवर हिरव्या वेलीचा. घरी आल्यावर सासूबाईंनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि विचारले, "पानं वर जातायत की खाली लोंबतायत?" प्रश्न मार्मिक होता, कारण आम्हा दोघींनाही सांगता येईना. रोलची गुंडाळी पाहून वरची बाजू निश्चित केली. पाने वर जातात.

हिरव्या कागदाचा एक जुना इतिहास आहे आणि तो ओलीशी जोडलेला आहे. स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ कार्ल विल्हेल्म शेले यांनी १७७५ च्या सुमारास तांबे व आर्सेनिक यांपासून एक चमकदार हिरवा रंग तयार केला आणि एकोणिसाव्या शतकात युरोपातील घरांच्या भिंतींवर तो कागदातून पोहोचला. ओलसर भिंतीवर बुरशी धरली की ती या रंगातून विषारी वायू सोडते, हे १८९० च्या दशकात इटलीतील बार्तोलोमेओ गोझिओ यांनी प्रयोगाने दाखवले. आजच्या छपाईच्या रंगांत ते विष नाही. बुरशीला मात्र ओल आणि खळ एवढेच पुरते.

१५ फेब्रुवारी

गवंडी मिस्त्रींनी आज उजवीकडचा गिलावा काढला. ओल जिथे संपलेली दिसत होती तिच्याही वर एक हात आणि बाजूला एक हात, असा साधारण सव्वा मीटर रुंद व ७० सेंटिमीटर उंच भाग विटेपर्यंत उघडा केला. तुटलेल्या कडेवर भिंतीचे सगळे वय वाचता आले : अर्ध्या विटेची भिंत, तिच्यावर अर्ध्या इंचाचा सिमेंटचा गिलावा, त्यावर नीरूचा, म्हणजे चुन्याच्या बारीक लेपाचा, कागदाएवढा गुळगुळीत थर, मग चुना, मग गुलाबी, मग फिरोजी, मग पुन्हा पांढरा. फिरोजी रंग आमच्या लग्नाच्या वर्षीचा.

विटांमधल्या दर्जा (सांधे) पाऊण बोट खोल उकरून मोकळ्या केल्या आणि भिंत तशीच उघडी ठेवली. पलंग खोलीच्या मध्यावर आणला आहे. सासूबाई म्हणतात, वाड्यात असेच असायचे.

२२ फेब्रुवारी

आठवडाभर पंखा लावून विटा सुकवल्या. आज गिलावा झाला : एका सिमेंटला चार वाळू. मिस्त्रींना वरून कोरडे सिमेंट भुरभुरून घोटायचे होते, तो त्यांच्या हाताचा अभिमानाचा भाग आहे. परंतु घोटलेल्या सिमेंटवर केसासारख्या चिरा पडतात आणि पुट्टीला धरायला खरबरीतपणा उरत नाही, म्हणून स्पंजने फिनिश करून घेतला. जुन्या गिलाव्याच्या कडेला नवा गिलावा दोन मिलिमीटर खोल ठेवायला सांगितला. पुट्टी त्या खोलगटात भरून दोन्हींवर सलग बसेल आणि जोड दिसणार नाही.

आता सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचे आहे. ज्या भिंतीतले पाणी काढायला महिना घालवला तिच्यावर बादलीने पाणी मारताना मुलगी हसत होती.

१ ते ९ मार्च

उरलेल्या भिंतीचा डिस्टेंपर काढला. कोमट पाण्याने एक वारभर भाग भिजवायचा, पंधरा मिनिटे थांबायचे, पुन्हा भिजवायचे आणि पत्रा जवळजवळ सपाट धरून ढकलायचे. पत्रा उभा धरला की नीरूत खाचा पडतात. माझ्याकडून अकरा पडल्या. दररोज संध्याकाळी दीड तास, असे नऊ दिवस. शेवटी स्वच्छ पाण्याने दोनदा पुसून घेतले आणि काळे फडके फिरवून पाहिले. फडके काळेच राहिले तेव्हा थांबले.

छतालगतचा एक पट्टा कशानेही निघेना. तिथे पूर्वी कोणी तरी ऑइलपेंटची किनार ओढली असावी. जे निघत नाही ते घट्ट आहे असे मानून त्याची चमक पॉलिश पेपरने मारली आणि तो तसाच ठेवला.

२३ मार्च

नव्या गिलाव्यावरचे पाणी थांबवून चार आठवडे झाले नाहीत, तरी तीन पूर्ण झाले म्हणून फॉइल लावून पाहिले होते. आज काढले : आत अगदी पुसट धुके. बाथरूम फेब्रुवारीपासून रोज वापरात आहे, तेव्हा हा गिलाव्यातला स्वतःचा उरलेला ओलावा असावा. पण तो असावा यावर मी भिंत सोडणार नाही.

३० मार्च, गुढीपाडवा

पाडव्याला खोली तयार होईल असे जानेवारीत मीच सर्वांना सांगितले होते. गुढी उभारली, खोली तशीच. फॉइल पुन्हा लावून काल काढले, ते दोन्ही बाजूंनी कोरडे निघाले. आज मुहूर्त म्हणून पुट्टीची पिशवी उघडली, एवढेच.

३१ मार्च ते ४ एप्रिल

पुट्टीचे दोन हात. व्हाइट सिमेंटची पुट्टी भिंतीवर लावण्यापूर्वी भिंत पाणी शिंपडून किंचित ओली करावी लागते, नाही तर कोरडी भिंत पुट्टीतले पाणी शोषून घेते आणि ती घट्ट होण्याऐवजी पिठासारखी वाळते. म्हणजे नवी भुकटी आपणच तयार करतो. पहिला हात खालून वर, दुसरा दुसऱ्या दिवशी आडवा. दोन्ही मिळून दीड मिलिमीटरच्या वर जाऊ दिले नाही; खोल खाचा आधी वेगळ्या भरल्या.

रंगवायच्या भिंतीपेक्षा कागदाची भिंत कमी गुळगुळीत चालते, असा समज आहे. जाड, उठावाच्या कागदाला तो लागू पडेल. आमचा कागद पातळ आहे आणि वाळल्यावर तो पुट्टीतला वाळूचा एकेक कण मोहरीएवढा करून दाखवतो. म्हणून खोलीतले दिवे मालवून, बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा उजेड टाकला आणि ज्याची सावली पडली तिथे पेन्सिलने गोल केला. त्रेपन्न गोल झाले. आधी १८० नंबरचा, मग ३२० नंबरचा पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून घासला. पंखा बंद, मास्क तोंडाला, दारावर ओले धोतर. तरीही देवघरातल्या बाळकृष्णावर पुट्टीची धूळ बसली.

सहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी आडवी, उभी, तिरकी लावून पाहिली. मधोमध अजूनही तीन मिलिमीटरचा खोलगटपणा आहे. वेलीच्या नमुन्यात तो हरवेल. सोडून दिला.

५ एप्रिल

पाण्याचा ॲक्रिलिक प्रायमर एक हात. पुट्टी पाणी भराभर शोषते. प्रायमर नसेल तर ती खळीतलेही पाणी ओढून घेते आणि पट्टा जागेवर सरकवायला वेळच मिळत नाही. शिवाय उद्या कधी कागद काढायचा झाला तर प्रायमरमुळे तो पुट्टी न उखडता निघण्याची शक्यता वाढते. प्रायमरमध्ये दोन-तीन थेंब काळा स्टेनर (रंगछटेचा अर्क) घालून तो कागदाच्या राखाडी जमिनीएवढा केला. सांध्यात अर्धा मिलिमीटरची फट राहिलीच, तर मागून पांढरी रेघ चमकणार नाही.

६ एप्रिल

आखणी. पट्टे कोपऱ्यापासून सुरू केले तर डावीकडे सहा पूर्ण पट्टे येतात आणि उजव्या टोकाला ३२ सेंटिमीटरची चिंधी उरते. पलंग मधोमध असल्यामुळे नमुनाही मधून दोन्हीकडे सारखा पसरायला हवा. मधला पट्टा भिंतीच्या मध्यावर ठेवला तर त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन पूर्ण पट्टे आणि टोकांना ४२.५ सेंटिमीटरचे दोन अपुरे पट्टे येतात. पट्टे सातच लागतात आणि कललेला कोपरा रुंद पट्ट्यात जिरून जातो. डाव्या कोपऱ्यापासून १.४८५ मीटरवर ओळंबा सोडून छतापासून फरशीपर्यंत रेघ ओढली.

रेघ पेन्सिलची, आणि तीही पुसट. गवंडी नीळ किंवा गेरू लावलेला दोरा ताणून फटका मारतात. ते वेगवान आणि सुरेख काम आहे, पण इथे वापरू नये. नीळ आणि गेरू दोन्ही खळीत मिसळून सांध्यातून वर येतात.

१३ एप्रिल, रविवार

पुण्यातला एप्रिल वॉलपेपरला चांगलाही आणि वाईटही. भिंत खडखडीत कोरडी मिळते, पण दुपारच्या हवेत खळ ब्रशखालीच सुकते. म्हणून पहाटे साडेपाचला उठलो, खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. खोलीचा एमसीबी पाडून टेस्टरने खात्री केली आणि दोन्ही स्विचबोर्डांच्या पट्ट्या स्क्रू काढून सैल केल्या.

खळ काल रात्रीच केली होती. भुकटी थंड पाण्यात भुरभुरवत सतत ढवळायची, वीस मिनिटे थांबायचे, पुन्हा ढवळायचे. पिठल्यात होतात तशा गुठळ्या झाल्याच, म्हणून जुन्या मलमलीतून गाळली. सासूबाईंनी वाड्यातली मैद्याची खळ सांगितली, तिच्यात कसर लागू नये म्हणून मोरचूद घालत. मोरचूद विषारी असल्याने मी तो विचार केला नाही. आमच्या खळीचा पातळ केलेला एक हात भिंतीवर कालच देऊन ठेवला होता. त्यामुळे आज पट्टे अंगावर घेतल्यासारखे सरकले.

पट्टे एकाच वेळी कापले नाहीत. पहिला कापून, दुसरा त्याच्याशेजारी जमिनीवर नमुना जुळवून, मागे पेन्सिलने क्रमांक आणि वरच्या टोकाला बाण. सहा वाजता मधला पट्टा चढवला. वरून पाच सेंटिमीटर छतावर सोडून, डावी कड रेघेला लावून, प्लॅस्टिकच्या पट्टीने मधून बाहेर आणि वरून खाली हवा काढत आणले. छत उतरते असल्यामुळे पानाचे टोक छाटले जाईल अशी भीती होती, म्हणून छताची रेघ दोन पानांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडेल अशी उंची निवडली. आता १४ मिलिमीटरचा उतार त्या मोकळ्या जागेत आहे आणि तो कोणालाही सापडलेला नाही.

पहिल्या पट्ट्याला चाळीस मिनिटे लागली, दुसऱ्याला पंचवीस, तिसऱ्या-चौथ्याला पंधरा-पंधरा. पाचव्याला गर्व नडला. पट्टा एकच असताना मी दोन पट्ट्यांच्या जागेला खळ लावून ठेवली, नऊ वाजून गेले होते, आणि वरच्या कोपऱ्यात हाताएवढा फुगा राहिला. दाबून बसेना. पट्टा वरून अर्ध्यापर्यंत सोलून खाली दुमडला, भिंतीवर पुन्हा खळ लावली आणि बसवला. कागदी पाठीचा असता तर या ओढाताणीत फाटला असता.

छाटताना रुंद पत्रा कोपऱ्यात दाबून त्याच्या कडेने कटर चालवायचे आणि प्रत्येक पट्ट्याला पात्याचा नवा तुकडा मोडून घ्यायचा. काटकसर म्हणून मी एक तुकडा दोन पट्ट्यांना वापरला आणि छतालगत तीन सेंटिमीटर कागद कुरतडला गेला. तो डाग शोधून दाखवणार नाही.

स्विचबोर्डांवर कागद तसाच पसरून नंतर कर्णांच्या दिशेने फुलीसारखी चीर दिली, चार त्रिकोण छाटले आणि कडा पट्टीच्या मागे सरकवल्या. सांध्यांवर रोलर हलक्या हाताने एकदाच. बाहेर आलेली खळ ओल्या स्पंजने लगेच पुसली, पाणी दर पट्ट्याला बदलले.

साडेअकराला सातवा पट्टा संपला. रंगारीकाका वर येऊन पाहून गेले. बोटाने एक सांधा चाचपला आणि म्हणाले, "भिंत कोणी केली?"

१४ एप्रिल

खिडक्या अजून बंदच ठेवल्या आहेत. काल दुपारी दिसणारे चार लहान फुगे आज वाळून आपोआप बसले. पंखा लावून वाळवण्याचा मोह आवरला. कडा आधी वाळल्या तर त्या आकसून सांधे उघडतात.

२० एप्रिल

पलंग जागेवर. पलंगाची पाठ आणि भिंत यांत चार बोटांचे अंतर ठेवले आहे, हवा खेळावी म्हणून. सासूबाईंसाठी मधे लोड आहे, पण त्या लोड बाजूला सारून भिंतीलाच टेकतात. टेकोत. कागद पुसता येणारा आहे.

२९ जून

यंदा पाऊस मे महिन्यातच आला, त्यामुळे भिंतीची परीक्षा लवकर झाली. कागदावर फॉइल चिकटवता येत नाही, म्हणून उजव्या खालच्या भागावर तळहात ठेवून डाव्या भागाशी गारव्याची तुलना केली आणि नाक लावून वासही घेतला. फरक नाही.

पाचव्या आणि सहाव्या पट्ट्यांमधला सांधा मात्र फरशीपासून हातभर उंचीवर एक बोट उचलला आहे. कारण ओलीचे नाही. त्या दिवशी शेवटी दमून मी तिथे स्पंज गरजेपेक्षा अधिक ओला फिरवला आणि कडेची खळच पुसून काढली, हे मला आठवते. चित्रकलेच्या बारीक ब्रशने कडेखाली थोडी खळ घातली, पाच मिनिटांनी रोलर फिरवला, वर कोरडे फडके दाबून धरले.

उरलेले दोन अखंड पट्टे आणि तुकडे उलट गुंडाळी न करता पुठ्ठ्याच्या नळीत घालून, वर बॅच क्रमांक आणि खोलीचे नाव लिहून माळ्यावर ठेवले. बाथरूममधील नळामागचे सिलिकॉन नखाने तपासले, घट्ट आहे. पुढची तपासणी ३० नोव्हेंबरला.